इफ्फीतले भयपट, पणजीतली पातळ भाजी आणि किंग्सची बाटली

इफ्फी, म्हणजे गोव्यातला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, म्हटलं की उद्घाटनाचा थाट आणि नटनट्याच डोळ्यांसमोर येतात. पण अलीकडच्या वर्षांत त्यात ‘मॅकाब्र ड्रीम्स’ नावाचा विभाग असतो आणि जगभरचे भयपट, अद्भुतपट तिथे मोठ्या पडद्यावर बघायला मिळतात. आम्ही कोल्हापूरची मित्रमंडळी खास त्यासाठीच आंबोली घाट उतरून गेलो. भयपटाची आवड असणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाने हे एकदा तरी करावं, असं मी मनापासून सांगेन.

महोत्सव साधारण २० ते २८ नोव्हेंबरच्या सुमारास असतो. २००४ पासून तो गोव्यातच भरतो. मुख्य ठिकाण म्हणजे कांपालचं आयनॉक्स, जुन्या गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) आवारात. ज्या वैद्यकीय शाळेची सुरुवात १८४२ सालची, तिच्या जुन्या इमारतीसमोरच्या झाडांखाली रात्रीच्या भयपटाची रांग लागते, तेव्हा सिनेमा तिथूनच सुरू झालेला असतो. शेजारीच माकिनेझ पॅलेस. काही खेळ मात्र मांडवीपलीकडे पर्वरीला असतात. पुलावरची गर्दी बघता दोन्हीकडचे खेळ लागोपाठ घेऊ नका, मध्ये दीड-दोन तास ठेवा.

नोंदणी ऑनलाइन आधीच उरकावी. कार्ड गळ्यात आलं तरी प्रत्येक खेळाची जागा वेगळी राखून ठेवावी लागते. भयपटांच्या जागा पटापट जातात, म्हणून बुकिंग उघडलं की लगेच बसा. जागा नाही मिळाली तर रश लाइनमध्ये उभं राहा, ऐनवेळी न आलेल्यांच्या खुर्च्या मिळतात. दिवसाला तीनच सिनेमे बघा. पाच बघणाऱ्याला तिसऱ्यानंतर काही आठवत नाही, आणि त्याचं जेवण बुडतं. पणजीत जेवण बुडवणं मला तरी पटत नाही.

सकाळी भाजी-पाव. ताटो किंवा भोसले, कुठेही बसा. पातळ भाजी, सुकी भाजी किंवा दोन्ही मिसळून मिक्स भाजी. सोबत पाव घ्या, नाहीतर कडक कवचाचा उंडो. अळसांद्याचं (चवळीचं) तोणाक मिळालं तर सोडू नका. वाटलेल्या खोबऱ्याचा तो तपकिरी रस उंड्याच्या आतल्या मऊ भागात मुरू द्यायचा आणि मग खायचा. तांबड्या-पांढऱ्यावर वाढलेला आमचा एक मित्र दुसऱ्या दिवशी स्वतःहून तोणाक मागत होता. दुपारी शीत-कोडी, म्हणजे माशांची थाळी: हुमण (माशाची आमटी), किसमूर (सुक्या मासळीची कोशिंबीर), तिसऱ्या, सोलकढी. दीडच्या आत पोचा. उशीर झाला की चांगली मासळी संपते, आणि मग बरीचशी पणजी दुपारची झोप घेते. रात्रीच्या खेळाआधी गाड्यावरचं रॉस आमलेट, शागुतीच्या, म्हणजे मसालेदार खोबऱ्याच्या रश्शात बुडवलेलं. उभ्याने खाऊन दहा मिनिटांत रांगेत परत जाता येतं.

बिअरबद्दल गोंयकार जितक्या आपुलकीने बोलतो, तितका मी दुसरीकडे कुणाला बोलताना ऐकलेला नाही. किंग्स ही त्यांची जुनी, हलकी पिल्सनर. सांगोल्ड्याच्या गोवा ब्रूइंग कंपनीची एट फिंगर एडी चांगली कडू, आणि डिचोली तालुक्यातल्या लाटंबार्सेची माका दी. आम्ही पणजीच्या मळा भागातल्या एका छोट्या बारमध्ये बसलो होतो. टेबलावर रवा लावून तळलेल्या मुडदुशा (छोटे मासे), कुरकुरीत, काट्यासकट खाव्यात अशा. कुठला सिनेमा बघितला, म्हणून मालकीणबाईंनी विचारलं. जंगलातल्या भुताचा, असं सांगितलं तर त्या म्हणाल्या, “पडद्यावरचीं भुतां भेश्टायतात. आमचो देवचार राखता.” म्हणजे पडद्यावरची भुतं घाबरवतात, आमचा देवचार राखण करतो. मग त्यांनी गावच्या देवचाराला रोट (जाड भाकरी), सोरो (दारू) आणि विडी कशी ठेवतात ते सांगितलं. रात्री वेशीवर फिरणारा, वाट चुकलेल्याला घरापर्यंत सोडणारा हा राखणदार तळकोकणातल्या मराठी माणसालाही परका नाही. यावर कुणीतरी कोकणीत चांगला भयपट करायला हवा, असं मला त्या रात्री फार वाटलं. ‘मोगाचो आंवडो’ हा कोकणी चित्रपट १९५० साली आला, ‘पल्तडचो मुनिस’ने २००९ मध्ये टोरांटोला समीक्षकांचा पुरस्कार मिळवला. एवढी परंपरा असलेल्या भाषेला ते अवघड नाही.

रेल्वेने येणाऱ्यांनी करमळीला उतरावं, पणजीला तेच जवळ. मात्र २४ नोव्हेंबरपासून जुन्या गोव्यात सेंट झेवियरच्या फेस्ताची नोव्हेना (सणाआधीची नऊ दिवसांची प्रार्थना) सुरू होते आणि त्या रस्त्यावर गर्दी वाढते, तेव्हा हाताशी वेळ ठेवा. राहायला मळा किंवा फोंतेन्हास बघा, खोली लवकर ठरवा. शहरात चालत फिरा. बिअर प्यायल्यावर गाडीला हात लावू नका, पायलट करा. पिवळ्या-काळ्या मोटारसायकलवाल्याशी भाडं आधी ठरवायचं. समुद्रकिनाऱ्यावर उघड्यावर पिण्याला बंदी आहे, दंड होतो.

परतताना स्वस्त म्हणून डिकीत बाटल्या भरू नका. गोव्यातली दारू परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणता येत नाही आणि इन्सुलीच्या नाक्यावर गाड्या तपासतात. त्याऐवजी खोल्याची मिरची, चोरीस (गोव्याचं सॉसेज) आणि २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली बेबिंका ही थरांची मिठाई घ्या. शुक्रवारी निघत असाल तर म्हापशाच्या बाजारात थांबा, वाटेवरच आहे.