डोळे मिटून हिशेब करणारा

माझ्या कपाटातल्या जुन्या कॉम्प्युटरांत याहून दुर्मीळ नग आहेत, पण पाहुणे आले की मी बाहेर काढतो तो झेडएक्स ८१. वहीहून लहान काळा डबा, वजन जेमतेम साडेतीनशे ग्रॅम. इंग्लंडात रविवारच्या जुन्या बाजारात किटल्यांच्या शेजारी सापडला. बायकोचं अजून म्हणणं आहे, किटली घ्यायला हवी होती.

ब्रिटिश उद्योजक क्लाइव्ह सिंक्लेअरच्या कंपनीने तो मार्च १९८१मध्ये आणला. तयार घेतला तर ६९.९५ पौंड, सुटे भाग आणून घरी सोल्डरिंग करणार असाल तर ४९.९५. एवढा स्वस्त, कारण वगळता येईल ते सगळं वगळलेलं. पडदा म्हणून घरचा टीव्ही, साठवणीला कॅसेटचा टेपरेकॉर्डर. रंग नाही, आवाज नाही. कीबोर्डला उठावाच्या कळासुद्धा नाहीत, प्लास्टिकच्या पापुद्र्यावर छापलेले ४० चौकोन. दाबलं गेलं की नाही हे बोटाला कळतच नाही. मेमरी १ केबी, म्हणजे १०२४ बाइट. एका अक्षराला एक बाइट, म्हणजे ३२ अक्षरांच्या २४ ओळींनी पडदा भरला की बारा आणे तिथेच संपले! उरलेल्या चार आण्यांत यंत्राचा घरखर्च आणि तुमचा प्रोग्रॅम. तरी या १ केबीत एका पठ्ठ्याने बुद्धिबळ बसवलं होतं. कॅसलिंगसारखे (राजा-हत्तीची एकत्र खेळी) काही नियम तेवढे सोडावे लागले.

माझा जीव जडलाय तो मात्र दुसऱ्याच काटकसरीवर. टीव्हीवर चित्र उमटवायचं कामही त्यातल्या एकुलत्या एक झेड ८० प्रोसेसरच्याच गळ्यात. 'स्लो' म्हटलं की तो चित्र सांभाळून उरल्या वेळात गणित करतो. 'फास्ट' म्हटलं की चित्र सोडून देतो आणि साधारण चौपट वेगाने कामाला लागतो. पडदा तोवर कोरा.

आमचे आजोबा वाण्याच्या यादीची बेरीज अशीच करायचे. डोळे मिटून, ओठ हलवत. मध्ये कोणी "चहा घेता का?" विचारलं की पहिल्यापासून सुरुवात, आणि विचारणाऱ्याकडे एक जळजळीत कटाक्ष.

परवा भाच्याला मूळ संख्या शोधणारा प्रोग्रॅम दाखवला. फास्ट मोड, चित्र गायब.

"मामा, बिघडला."

"थांब रे, मोजतोय."

थोडा वेळ त्याने कोऱ्या टीव्हीकडे पाहिलं आणि मग, का कोण जाणे, आवाज खाली आणून विचारलं, "चालू असताना बोललं तर चालतं ना?"