४ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर ब्राउझर कोणता टाकावा?

इंदुरात आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये सेकंडहँड लॅपटॉप बघायला गेलात, की कुठल्यातरी ऑफिसातून निघालेला, इंटेलचा चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर असलेला लॅपटॉप हमखास पुढे येतो. ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. दुकानात क्रोम उघडून दाखवतात तेव्हा टॅब एकच असतो, त्यामुळे सगळं छान पळतं. घरी आणून नेट बँकिंग, यूट्यूब, ईमेल आणि दोन बातम्यांची पानं उघडली की माऊससुद्धा अडखळायला लागतो. मग प्रश्न येतो, हलका ब्राउझर कोणता? आणि वेगळा प्रश्न म्हणून, माहिती न चोरणारा कोणता?

माझ्या मते हे दोन प्रश्न वेगळे नाहीत. बातम्यांचं एखादं पान उघडा आणि क्रोममध्ये शिफ्ट-एस्केप दाबा. ब्राउझरचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो आणि कुठला टॅब किती मेमरी खातोय ते कळतं. बातमीचा मजकूर असतो काही केबींचा. बाकीचा पसारा जाहिरातींच्या स्क्रिप्टचा, तुमच्यावर पाळत ठेवणाऱ्या ट्रॅकर्सचा आणि आपोआप सुरू होणाऱ्या व्हिडिओचा. जे तुमची माहिती नेतं तेच तुमची रॅमही खातं. ते दारातच अडवलं, की दोन्ही कामं होतात.

म्हणून ब्राउझर निवडताना मी पहिल्यांदा बघतो, की त्यात जाहिराती आणि ट्रॅकर अडवणारा चांगला ब्लॉकर पूर्ण ताकदीने चालतो का. इथे क्रोम मागे पडतो. पूर्वी यूब्लॉक ओरिजिनसारखं एक्स्टेंशन (ब्राउझरला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर) पानाची प्रत्येक मागणी स्वतः तपासून अडवत असे. मॅनिफेस्ट व्ही-थ्री, म्हणजे एक्स्टेंशनसाठीची क्रोमची नवी नियमावली, आल्यावर एक्स्टेंशनने फक्त नियमांची यादी द्यायची, अडवायचं काम ब्राउझर करणार. २०२५ मध्ये क्रोमने जुन्या पद्धतीची एक्स्टेंशन्स पूर्ण बंद केली. यूब्लॉक ओरिजिन लाइट अजून मिळतं आणि साध्या वापराला ते वाईट नाही, पण मूळ एक्स्टेंशनची धार त्याला नाही. फायरफॉक्समध्ये मूळ यूब्लॉक ओरिजिन जसंच्या तसं चालतं. ब्रेव्हमध्ये ब्लॉकर आतच बांधलेला असल्यामुळे त्याला या बदलाचा फरक पडला नाही.

नुसत्या मेमरीच्या हिशेबात ब्राउझरांमध्ये लोकांना वाटतं तेवढं अंतर नाही. एज, ब्रेव्ह, ऑपेरा, विवाल्डी या सगळ्यांचं इंजिन क्रोमियमच, म्हणजे क्रोम ज्यावर उभा आहे तेच. २०१८ साली स्पेक्टर नावाची प्रोसेसरमधली खोट उघड झाल्यावर क्रोमने प्रत्येक साइट वेगळ्या प्रोसेसमध्ये, म्हणजे मेमरीतल्या स्वतंत्र कप्प्यात, ठेवायला सुरुवात केली आणि मेमरीचा खर्च साधारण दहा टक्क्यांनी वाढला. पुढे फायरफॉक्सनेही तोच रस्ता धरला. हा खर्च सुरक्षेसाठी आहे, तो वाचवायच्या भानगडीत पडू नये. पेल मून किंवा के-मेलियनसारखे खरोखर हलके ब्राउझर आहेत, पण त्यांवर बँकेचं काम करू नका.

तर ४ जीबीच्या मशीनवर मी असं बसवतो: रोजच्या वापराला फायरफॉक्स आणि यूब्लॉक ओरिजिन, सरकारी आणि बँकेच्या कामाला विंडोजसोबत आलेलं एज. तिसरा ब्राउझर नको. फायरफॉक्सच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये स्टँडर्ड ऐवजी स्ट्रिक्ट निवडा. एखादं पान मोडलं तर ॲड्रेस बारमधल्या ढालीवर क्लिक करून फक्त त्या साइटपुरतं संरक्षण बंद करता येतं. यूब्लॉकमध्ये काय अडवायचं त्याच्या दिसतील तेवढ्या याद्या टिकमार्क करत सुटू नका. मुळात चालू असलेल्या पुरतात. दोन ब्लॉकर एकावर एक चढवणं तर सगळ्यात वाईट. एकाने अडवलेलं दुसरा दुरुस्त करायला जातो आणि पान अर्धवट लटकतं.

इंटरनेटवर एक सल्ला फार फिरतो: फायरफॉक्सच्या अबाउट:कॉन्फिग या आतल्या सेटिंगच्या पानावर जाऊन 'प्रायव्हसी.रेझिस्टफिंगरप्रिंटिंग' चालू करा, म्हणजे मशीनच्या खुणांवरून साइट तुम्हाला ओळखणार नाही. रोजच्या ब्राउझरवर हे करू नका. ही सेटिंग तुमचं घड्याळ जगाला ग्रीनिचच्या वेळेवर दाखवते. मग वेब ईमेलमध्ये आलेल्या मेलच्या वेळा साडेपाच तास मागे दिसतात, कॅलेंडरमधल्या मीटिंगा भलत्याच वेळी पडतात, आणि कॅप्चा सात वेळा ट्रॅफिक सिग्नल ओळखायला लावतो. लोक मग ब्राउझरला दोष देऊन परत क्रोमवर जातात.

एज वापरायचं तर आधी त्याची झाडलोट करावी लागते. सिस्टिम अँड परफॉर्मन्समध्ये स्टार्टअप बूस्ट बंद करा, ब्राउझर बंद केल्यावरही मागे चालू राहण्याची परवानगी काढून घ्या, स्लीपिंग टॅब चालू ठेवा, आणि नव्या टॅबवरच्या बातम्यांचा बाजार उठवा. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधले डग्लस लीथ यांनी २०२० साली कुठला ब्राउझर आपल्या कंपनीला मागच्या दाराने काय पाठवतो हे तपासलं होतं. त्यात ब्रेव्ह सगळ्यात गप्प निघाला, एज आणि रशियाचा यांडेक्स सगळ्यात बडबडे. म्हणूनच एज फक्त कामापुरतं.

ब्रेव्हही निर्मळ नाही. त्याच २०२० साली ॲड्रेस बारमध्ये क्रिप्टोच्या साइटचं नाव टाइप केलं की ब्रेव्ह गुपचूप आपला कमिशनचा कोड जोडत असल्याचं उघड झालं होतं. नंतर त्यांनी ते काढलं. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाचं बरंचसं उत्पन्न गुगलकडून येतं, आणि २०२४ मध्ये फायरफॉक्सच्या १२८व्या आवृत्तीत जाहिरात-मोजणीची सोय न विचारता चालू करून त्यांनीही शिव्या खाल्ल्या. तरीही निवड यांतूनच करायची आहे. ऑपेराबद्दल विचारतात म्हणून सांगतो: २०१६ पासून तो चिनी गुंतवणूकदारांच्या हातात आहे, आणि इथे त्याची गरज नाही.

आता यूट्यूब. चौथ्या पिढीच्या इंटेलमध्ये व्हीपी-नाइन व्हिडिओ उलगडायचं हार्डवेअर नाही. व्हीपी-नाइन, एव्ही-वन हे कोडेक, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करायच्या पद्धती; यूट्यूब मात्र यांतलंच पाठवतो, मग सगळा भार सीपीयूवर पडतो. मे महिन्यात इंदुरात पारा चाळिशीपार असताना, पंख्यात धूळ साचलेली असताना, मशीन तापून वेग आणखी खाली आणतं. व्हिडिओवर राइट क्लिक करून 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' उघडा. कोडेकच्या ओळीत 'व्हीपी०९' दिसलं तर एच२६४-इफाय (h264ify) हे एक्स्टेंशन टाका आणि पान रिफ्रेश करा. तिथे 'एव्हीसी१', म्हणजे जुना एच२६४ कोडेक, आलं की पंख्याचा आवाज उतरतो. १०८०पीच्या वर व्हिडिओ मिळणार नाही, पण त्या स्क्रीनवर तो लागतोही कशाला.

एवढं करूनही मशीन अडखळलं तर विंडोजचा टास्क मॅनेजर बघा. मेमरी ९० टक्क्यांवर आणि डिस्क १०० टक्क्यांवर असेल, तर रॅममध्ये न मावणारं सामान हार्ड डिस्कवर टाकलं जातंय. यावर कुठलाच ब्राउझर इलाज नाही. परफॉर्मन्समध्ये मेमरीखाली 'स्लॉट्स यूज्ड १ ऑफ २' लिहिलेलं असेल तर ४ जीबीची आणखी एक स्टिक बसेल. दुकानात डीडीआर-थ्री-एल म्हणून मागा, जुनी १.५ व्होल्टची साधी डीडीआर-थ्री या लॅपटॉपमध्ये चालत नाही. २५६ जीबीचा साटा एसएसडी बसवला तर त्याहून मोठा फरक पडतो.

विंडोज ७ असेल तर ब्राउझरचा विचार सोडा. क्रोम तिथे १०९व्या आवृत्तीवरच थांबला. लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती टाका, फायरफॉक्स तिच्यासोबतच येतो. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि चौथ्या पिढीवर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही, तेव्हा आज ना उद्या हा मार्ग धरावाच लागेल.

घरचं मशीन बंद पडलं की आपण एमपी ऑनलाइनच्या, म्हणजे मध्य प्रदेशातल्या सरकारी ऑनलाइन सेवांच्या, कियोस्कवर जातो, तिथली एक गोष्ट. इन्कॉग्निटो विंडो हिस्ट्री आणि कुकी पुसते, डाउनलोड केलेली फाइल पुसत नाही. ई-आधारची पीडीएफ डाउनलोड्स फोल्डरमध्ये तशीच राहते आणि तिचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मसाल. प्रिंट हातात पडल्यावर काउंटरवरच्या भाऊंना सांगून ती फाइल शिफ्ट-डिलीटने काढायला लावा, नुसत्या डिलीटने ती रीसायकल बिनमध्ये जाऊन बसते. प्रिंटसाठी व्हॉट्सॲपवर पाठवली असेल तर तिथूनही पुसायला सांगा.