वेंगुर्ल्याकडचं कौलारू घर घेतलं त्याची गोष्ट

जाहिरातीत लिहिलेलं, कौलारू घर, 14 गुंठे, बारमाही विहीर, मागे खाडी, डेव्हलपमेंटला भरपूर वाव. एजंट तर फोनवरच आठ रूमचं रिसॉर्ट बांधून मोकळा झाला. दादरहून रात्रीची तुतारी एक्सप्रेस पकडून कुडाळला उतरलो, तिथून रिक्षा, घर बघितलं आणि बायको पडवीत बसली ती उठेचना. चिऱ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, मागे दोन फणस, रतांबे. मामा महसूल खात्यात होता, तो म्हणाला टोकन द्यायचं नाय, आधी सातबारा काढ.

काढला तर नऊ नावं, सगळी सामाईक, त्यातले दोघं वारलेले. विकणारे काका नवातले एक! मग वारस नोंद, फेरफार, नोटिशीचे 15 दिवस, आणि बेळगावची एक चुलत बहीण जी फोनच उचलत नव्हती (शेवटी काकांनी गणपतीत गाठली तिला). पाच महिने यातच गेले. सातबाऱ्याच्या इतर हक्क रकान्यात कुळाचं, म्हणजे जमीन कसणाऱ्याचं, नाव नव्हतं हे नशीब. जमीन शेतीची म्हणजे घेणाराही शेतकरी लागतो, माझं नाव साताऱ्याच्या सातबाऱ्यावर आहे म्हणून निभावलं.

मोजणीत शेजाऱ्याचा गडगा (दगडी कुंपण) अर्धा गुंठा आत निघाला. शेजारचे आजोबा म्हणाले, "गडगो खंय सरकूक नाय, कागदच सरकलो." काका म्हणाले सोड, मी पण सोडला, अर्ध्या गुंठ्यासाठी रोज ज्याचं तोंड बघायचंय त्याच्याशी कोण भांडणार.

खरा दणका सीआरझेडचा, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरच्या नियमांचा. ग्रामीण भागात 2011 च्या अधिसूचनेत खाडीच्या भरतीरेषेपासून 100 मीटर किंवा खाडीची रुंदी, यातलं जे कमी तेवढ्या पट्ट्यात बंधनं होती, 2019 च्या अधिसूचनेत 100 चे 50 झाले, पण आपल्या जिल्ह्याचा मंजूर नकाशा कुठला ते बघायचं आणि आपला सर्व्हे नंबर त्यावर टाकायचा. आर्किटेक्टने टाकला तर मागची जवळजवळ आठ गुंठे पट्ट्यात आणि घराचा कोपरा पण! झालं रिसॉर्ट. दोन दिवस जेवण गेलं नाही मला, व्यवहार सोडायच्या बेतात होतो.

पण आर्किटेक्टच म्हणाला, अहो घर अधिकृत असेल तर त्याच जोत्यावर, तेवढ्याच एफएसआयमध्ये (म्हणजे जागेच्या मानाने बांधकाम जेवढं होतं तेवढंच ठेवून) दुरुस्ती किंवा पुन्हा बांधकाम करता येतं, फक्त परवानगी घेऊन. सीआरझेड पहिल्यांदा आलं 1991 ला, म्हणून घर त्याच्या आधीचं आहे हे दाखवायला काहीतरी कागद हवा. काकांच्या ट्रंकेत 1978 ची घरपट्टीची पावती सापडली, पिवळी पडलेली, कसर लागलेली. एजंट ज्या घराला "पाडायचंच आहे हो" म्हणत होता त्याचाच हा कागद. मागची जागा आम्ही बागेच्या भावात धरली, त्यावर काकांशी बरीच घासाघीस झाली, चहा पण गार झाला, पण शेवटी मान्य केलं त्यांनी.

खरेदीखत दिवाळीनंतर झालं, वारसांसकट सगळ्या हिस्सेदारांच्या बोटांचे ठसे. मे महिन्यात घर शाकारून घेतलं, वासे चार बदलले, पडवीला जाळी. समोरच्या बाजूला दोन खोल्या काढायच्यात, त्यांचा बिनशेतीचा अर्ज आता करतोय. एजंटचा अजून मेसेज येतो, रिसॉर्टचं कुठपर्यंत आलं म्हणून.