काळ्याचे काळेपण

आषाढातल्या एका दुपारी माझी भाची मडगावच्या आमच्या घरी काळा मखमली कुर्ता घेऊन आली आणि म्हणाली, "मावशी, याचा फोटो तूच काढ, माझ्या फोटोत हा राखेसारखा येतो." ती जुने पण धड असलेले कपडे ऑनलाइन विकते. सुती साड्या आणि रंगीत कुर्ते ती स्वतःच चटाचट टिपते. काळे, गर्द निळे किंवा दाट जांभळे काही आले की मात्र मला हाक मारते, कारण निवृत्तीनंतर माझ्याकडे वेळ आहे आणि हट्टीपणा तर पहिल्यापासूनच आहे.

फोनचा यात फारसा दोष नाही. समोरचे दृश्य एकंदरीत मध्यम करडे असणार, म्हणजे पडलेल्या प्रकाशातला सुमारे १८ टक्के प्रकाश परत येणार, हा प्रकाशमापनाचा जुना ठोकताळा आहे. चौकट भरून काळे कापड दाखवले की फोन ते उजळून करडे करतो. मागे पांढरीशुभ्र चादर अंथरली तर उलटेच होते: चादर मळकी दिसते आणि कुर्त्याच्या जागी नुसता काळोख उरतो, ज्यात ना शिवण दिसते ना गळ्याचे काम. म्हणून मी फिकट करडी चादर घेते, पडद्यावर नेमके कापडावर बोट टेकवते आणि शेजारी उमटणारे सूर्याचे चिन्ह हळूहळू खाली ओढते, काळे काळे होईपर्यंत, पण घडी बुजणार नाही इतपतच. फोटो काढून झाल्यावर फिल्टर लावून रंग गडद करायला माझी सक्त मनाई आहे. भाची याला जुन्या लोकांचे सोवळे म्हणते, म्हणू दे.

मखमलीची तर तऱ्हाच निराळी. तिची लव एका बाजूला फिरवली की कापड गर्द होते आणि उलटी फिरवली की फिके पडते, त्यामुळे कोणी सहज हात टेकवला तरी त्याची पाची बोटे फोटोत उमटतात. मी कापडी ब्रशने सगळी लव एकाच दिशेला बसवते आणि मग कोणालाही जवळ फिरकू देत नाही. गोव्यात पावसाळाभर कपाटातल्या काळ्या कपड्यांवर पांढरी बुरशी धरते. ती झटकून, कापडाला ऊन नाही तर निदान वारा देऊन, उरलेली कुसे चिकटपट्टीने टिपून घेतल्याशिवाय फोन हातात घेण्यात अर्थ नसतो. डोळ्यांना न दिसलेले कुसही कॅमेऱ्याला बरोबर दिसते, आणि फ्लॅश मारला तर दुसरे काहीच दिसत नाही.

काळ्यावर प्रकाश बाजूनेच यायला हवा. तो आमच्या शेजारच्या जुन्या ख्रिस्ती घरात मिळतो, कारण तिथे अजून शिंपल्यांच्या खिडक्या शाबूत आहेत. पातळ, चपटे शिंपले लाकडी पट्ट्यांत बसवलेल्या त्या झडपा लावून घेतल्या की बाहेरचा उजेड गाळून आत येतो, आणि कापडाची वीण, काजांचा दोरा, बाहीची चुणी सगळे काळ्यातल्या काळ्यात वेगवेगळे होऊन दिसू लागते. शहरातले फोटोग्राफर यासाठी दिव्यांवर पांढऱ्या कापडाच्या पेट्या चढवतात.

लहानपणी आमच्या ओसरीवर आजीच्या लग्नाचा फोटो टांगलेला होता. त्यात आजी नखशिखांत काळ्या लुगड्यात उभी होती, आणि लग्नात काळे कसे चालले, हा प्रश्न मला अनेक वर्षे छळत होता. काळे नेसायचे ते संक्रांतीला, एवढे तर आम्हा पोरींनाही ठाऊक होते. शेवटी एकदा मी विचारलेच. आजी तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "लाल होते गो ते. फोटोवाल्याने काळे केले." फोटोवाला बिचारा निर्दोष होता. त्या काळी सर्रास वापरल्या जाणाऱ्या फिल्मला लाल रंग जवळजवळ दिसतच नसे, त्यामुळे लाल लुगडे काय, कपाळीचे कुंकू काय, सगळेच काळे उमटे. आजीने मात्र त्याला कधी क्षमा केली नाही.

आताच्या गिऱ्हाइकांची तक्रार याच जातीची, फक्त उलट्या दिशेची असते. "फोटोत काळा होता, आला तो नेव्ही ब्लू." एकाच फोटोतला काळा दोन फोनांवर दोन तऱ्हांचा दिसतो, ओएलईडी पडद्यावर काळ्या जागेचे ठिपके चक्क विझलेले असतात, तर एलसीडीवर मागचा दिवा थोडासा झिरपतोच. म्हणून रंगाचे नाव शब्दांत लिहायचे, आणि तेही दिवसा उजेडी, दारात उभे राहून ठरवायचे, असा मी नियम घातला आहे. संध्याकाळी पिवळ्या दिव्याखाली काळा आणि गर्द निळा यांत भलेभले फसतात.

गेल्या महिन्यात त्याच शेजारघरातून एक गठ्ठा आला. तिथल्या म्हाताऱ्या बाईंनी नवरा गेल्यापासून मरेपर्यंत काळेच घातले. आता मुलीने घर आवरताना ते झगे विकायला दिले. मी ते त्यांच्याच खिडकीपाशी टिपले. बाजूच्या उजेडात कोपरांपाशी कापड झिजून तकाकी आलेली स्पष्ट दिसली, आणि कमरेखाली, जिथे हात पुसायची सवय असावी, तिथे काळा रंग तपकिरी झाला होता. उजेड थोडा समोरून घेतला असता तर हे लपले असते. भाचीने विचारले, "झिजलेले लिहू, की विंटेज?" मी झिजलेले लिहायला लावले. त्यातला एक झगा कोणा मुलीने पार्टीत घालायला म्हणून घेतलासुद्धा. किंमत काय लावली ते मी विचारले नाही.