जरीपटक्यातलं एक घर आणि मसुद्यातली एक ओळ

नागपुरातल्या जरीपटका, इंदोरा, कडबी चौक या भागातल्या जुन्या घरांचे विकास करारनामे, म्हणजे घर पाडून नवी इमारत बांधायचे बिल्डरशी होणारे करार, आता माझ्या टेबलावर सारखे येतात. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांनी जरीपटक्यात बैठी घरं बांधली, पुढे दुकान नि मागे अंगण ठेवलं. ११ डिसेंबर २०२२ पासून ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत मेट्रो धावते आहे. मेट्रोमार्गालगत ५०० मीटरच्या पट्ट्यात, रस्त्याची रुंदी नि प्लॉटचा आकार बसला तर, चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येतं तो आकडा, ४ पर्यंत जाऊ शकतो. त्यामुळे बिल्डर आता गल्लीगल्लीत फिरतात.

असाच एक मसुदा तपासायला आला. आखीव पत्रिकेवर, म्हणजे मालमत्तेच्या सरकारी नोंदपत्रकावर, घरच्या दिवंगत काकांचं नाव होतं. वारस म्हणून काकू, दोन मुलगे आणि उल्हासनगरला दिलेली मुलगी. मुलीची सही नव्हती. ती एक तर करारात हवी किंवा आधी नोंदणीकृत हक्कसोडपत्र तरी हवं, हे नेहमीचंच. मी थबकलो ते सातव्या पानावर. तिथे लिहिलं होतं, ‘तळमजल्यावरील ताबेदारास काढून रिकामा ताबा देण्याची जबाबदारी मालकांची राहील.’

हा ताबेदार म्हणजे काकूंच्या दिराचा मुलगा. दीर फाळणीनंतर सिंधमधल्या शिकारपूरलाच राहिले, त्यांचा मुलगा २०१६ साली बायको-मुलांसह नागपूरला आला. मागच्या दोन खोल्यांत राहणं, पुढे पापडाचं दुकान. भाडेपावती नाही, करार नाही, सगळं तोंडी.

“त्याचा पासपोर्ट पाकिस्तानचा आहे. त्याच्या नावावर काही होतच नाही,” बिल्डरचा माणूस म्हणाला. काकू म्हणाल्या, “भाऊ, घरच्याच पोराला रस्त्यावर कसं काढू मी?” पण बिल्डरचं म्हणणं त्यांनाही खरं वाटत होतं. गल्लीत सगळ्यांनाच वाटतं, आणि त्यापायीच ही माणसं मुकाट्याने घर सोडतात.

ते खरं नाही. पाकिस्तान, बांगलादेश किंवा अफगाणिस्तानातल्या अल्पसंख्याक समाजाच्या, भारतात दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहणाऱ्या माणसाला स्वतः राहण्यासाठी एक घर आणि स्वतःच्या धंद्यासाठी एक जागा विकत घेता येते. रिझर्व्ह बँकेच्या २०१८ च्या नियमांत हे आहे, २०१९ च्या नियमांतही कायम आहे. म्हणजे फ्लॅटही घेता येतो आणि दुकानही.

मात्र अटी काटेकोर आहेत. दस्तात राष्ट्रीयत्व आणि व्हिसाचा तपशील लिहायचा. महसूल अधिकाऱ्यांकडे पैशाचा स्रोत आणि आपण भारतात राहतो याची घोषणा द्यायची. दस्ताच्या प्रती पोलीस उपायुक्त किंवा परकीय नागरिक नोंदणी कार्यालयाकडे आणि गृह मंत्रालयाकडे पाठवायच्या. नागरिकत्व मिळण्याआधी विकायचं तर पोलिसांची पूर्वपरवानगी लागते. लष्करी छावणीच्या हद्दीत किंवा तिच्या आसपास जागा चालत नाही, म्हणून “कामठीत स्वस्त मिळेल” असं कुणी सुचवलं की आधी हद्द तपासावी.

काकूंचा थोरला मुलगा म्हणाला, “बक्षीसपत्र करून टाकू ना, पैशाचा प्रश्नच मिटला.” इथेच घात होतो. सवलत खरेदीला आहे, बक्षिसाला नाही. शिवाय रहिवासी घराच्या बक्षीसपत्राला नवरा-बायको, मुलं, नातवंडं यांच्यापुरती जी नाममात्र मुद्रांकाची सोय आहे, तीत दिराचा मुलगा बसत नाही. म्हणून खरेदीखतच करायचं, मोबदला बँकेतून द्यायचा. अशा व्हिसाधारकाला एक अनिवासी रुपया खातं उघडता येतं. किंमत आपसात कमी धरली तरी मुद्रांक शुल्क रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारने ठरवलेल्या, दरानेच बसतं, तो खर्च आधीच बाजूला काढून ठेवावा लागतो.

नावाची भानगड निराळीच. पासपोर्टवर आडनाव नाही, नुसतं वडिलांचं नाव. इथल्या कागदांवर मात्र ‘आणी’ लागलेलं आडनाव. प्रतिज्ञापत्र करून दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं दाखवायचं आणि दस्तात पासपोर्टवरचं नाव आधी लिहायचं, नाहीतर व्हिसाचा तपशील जुळत नाही.

काकूंनी जपून ठेवलेल्या कागदांत सासऱ्यांचा निर्वासित दाव्याचा, म्हणजे तिकडे सोडलेल्या मालमत्तेच्या भरपाईचा, अर्ज निघाला. त्यात शिकारपूरचं घर आणि दोन्ही मुलांची नावं होती. हा कागद नागरिकत्वाच्या अर्जालाही मोलाचा आहे. २०१९ च्या दुरुस्तीचा फायदा ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्यांनाच आहे, याला तो नाही. पण आईवडिलांपैकी एक अविभाजित भारतात जन्मलेला असेल तर भारतीय वंशाची व्यक्ती म्हणून, ७ वर्षांच्या वास्तव्यानंतर नोंदणीने नागरिकत्व मागता येतं. अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयातून पुढे जातो. तो कागद लॅमिनेट करू नका, असं मी काकूंना दोनदा बजावलं. पडताळणीत मूळ कागद हाताळून पाहतात.

सातव्या पानावरची ओळ आम्ही खोडली. तिच्या जागी मालकांच्या हिश्श्यातला पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट आणि रस्त्याकडच्या बाजूचं एक दुकान, मजला, क्रमांक आणि चटईक्षेत्रासकट, त्याला विकण्याचं कलम आलं. बिल्डरला दुकान मागच्या बाजूला हवं होतं. पापडाचं गिऱ्हाईक मागे कोण शोधत येणार? काकूंनी तिथे अजिबात ऐकलं नाही. बांधकाम चालू असेपर्यंतचं घरभाडं काकूंसोबत त्यालाही, दर महिन्याच्या ५ तारखेच्या आत, आणि तेही त्याच्याच खात्यात. भाड्याच्या घरात जाताच नवा पत्ता परकीय नागरिक नोंदणी कार्यालयाला कळवायचा, हेही त्याच पानावर लिहिलं. मुलीची सही घ्यायला धाकटा मुलगा त्याच आठवड्यात उल्हासनगरला गेला.