तीन ठिकाणे, एक भिंगरी : आमच्या सामाईक नोंदवहीचे तिसरे वर्ष

आमच्या सामाईक पक्षिनोंदवहीला या महिन्यात दोन वर्षे पूर्ण झाली. ही वही आम्ही तिघे मिळून लिहितो. एक मैत्रीण बरीच उत्तरेला राहते, एक मित्र जवळजवळ तितकाच दक्षिणेला, आणि मी त्या दोघांच्या मध्ये कुठेतरी. कधीकाळी एकाच तळ्याच्या काठावर एकच दुर्बीण आळीपाळीने डोळ्यांना लावणारे आम्ही आता वर्षानुवर्षे प्रत्यक्ष भेटत नाही. पण दर रविवारी प्रत्येकाने आठवड्याचा मजकूर पाठवायचा आणि त्यात पक्ष्यांबरोबर घरचेही चार शब्द असायचे, हा नेम फारसा मोडलेला नाही. मागच्या नोंदीनंतर काय बदलले, कुठे चुकलो आणि पुढे काय करायचे ठरले आहे, ते येथे लिहीत आहे. असाच दूरदूरचा गट चालवणाऱ्यांना त्यातले काही उपयोगी पडावे.

पहिल्या वर्षी आम्ही ‘नवीन काय दिसले’ एवढेच कळवत होतो आणि त्याचे व्हायचे तेच झाले. दुर्मीळ पक्षी दिसलेल्याचे पत्र लांबलचक येई. ज्याला काही दिसले नाही, तो गप्प बसे. म्हणून दुसऱ्या वर्षी एकच नेहमीचा पक्षी निवडून बारा महिने त्याच्याच बातम्या द्यायच्या असे ठरवले आणि माळभिंगरीवर एकमत झाले. उत्तर गोलार्धात दूरवर वीण करणारा आणि हिवाळ्यात दक्षिणेकडे उतरणारा हा जेमतेम वीस ग्रॅमचा पक्षी आम्हा तिघांच्याही आकाशात वर्षातून कधी ना कधी येतोच. उत्तरेला तो वसंतात येऊन घरटे बांधतो, माझ्याकडे जाता-येता थोडे दिवस थांबतो आणि दक्षिणेच्या मित्राकडे सारा हंगाम तारांवर बसून काढतो.

एकच पक्षी तीन ठिकाणांहून पाहण्याचा खरा लाभ शेपटीने दाखवून दिला. मैत्रिणीच्या मे महिन्यातल्या वर्णनांत शेपटीच्या दोन्ही टोकांना लांब, तलम तुरे असत आणि नराचे मादीपेक्षा लांब. त्याच सुमाराला आलेल्या मित्राच्या जुन्या हिवाळी छायाचित्रांत मात्र शेपट्या आखूड आणि उसवल्यासारख्या दिसत होत्या, पंखांत फटी होत्या, आणि ही सगळी यंदाची पिल्लेच असावीत असा निष्कर्ष मी घाईने काढला होता. पिल्लांची शेपटी आखूड असते आणि गळ्याचा तांबूस रंग फिका असतो, हे खरे. परंतु त्या छायाचित्रांतल्या अनेकांचे गळे चांगले गडद विटकरी होते. उलगडा असा, की प्रौढ माळभिंगऱ्या उडण्याची पिसे मुख्यतः हिवाळी मुक्कामी पोहोचल्यावर बदलतात. मैत्रिणीला दिसते ते नवे कोरे पीस मित्राच्या दाराशी उगवलेले असते. हे पुस्तकातही लिहिलेले असते, पण मैत्रिणीच्या मजकुराला मित्राचे छायाचित्र जोडले गेले तेव्हाच ते माझ्या डोक्यात शिरले.

येथे एक सावधगिरी आम्हाला उशिरा सुचली. सप्टेंबरात मैत्रिणीकडचे गोठे रिकामे झाले की ती ‘निघाल्या’ असे कळवी आणि थोड्याच दिवसांत मी ‘तुझ्या भिंगऱ्या पोहोचल्या’ असे लिही. वाक्य गोड आहे, पण त्याला आधार काही नाही. एकाच जातीच्या निरनिराळ्या भागांतल्या पक्ष्यांच्या वाटा निरनिराळ्या असू शकतात आणि माझ्या तारेवरचा पक्षी तिच्या गोठ्यातला आहे हे सांगायला त्याच्या पायात कडे हवे. डेन्मार्कमध्ये हान्स ख्रिश्चन मॉर्टेन्सन या शिक्षकाने १८९९ मध्ये साळुंकीच्या कुळातल्या पक्ष्यांना क्रमांक कोरलेली ॲल्युमिनियमची कडी घालायला सुरुवात केली, तेव्हापासून अशा प्रश्नांना पुराव्याने उत्तर देणे शक्य झाले. इंग्लंडमध्ये स्टॅफर्डशायरला मे १९११ मध्ये कडे घातलेली एक माळभिंगरी डिसेंबर १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांतात सापडली आणि इंग्लंडच्या भिंगऱ्या हिवाळ्यात नेमक्या कुठे जातात, याचा हाती धरता येईल असा पुरावा तेव्हा मिळाला. आमच्याकडे असे एकही कडे नाही. त्यामुळे यंदापासून ‘तुझ्या’ हा शब्द वहीतून बाद केला आहे. मैत्रिणीला ते रुक्ष वाटले आणि गप्पांत ती अजूनही तो वापरते.

मोजणीच्या बाबतीत मात्र चांगली प्रगती आहे. कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिविज्ञान प्रयोगशाळेने २००२ मध्ये ई-बर्ड हे पक्षिनोंदींचे संकेतस्थळ सुरू केले. त्यात यादीबरोबर किती मिनिटे पाहिले, किती अंतर चाललात आणि ओळखता आलेले सगळे पक्षी नोंदवलेत का, हे विचारतात. आम्हीही तेच तीन रकाने उचलले. पूर्वी मित्राचे ‘दोनशे भिंगऱ्या’ आणि माझ्या ‘सात भिंगऱ्या’ शेजारी ठेवून उगाच खिन्न व्हायला होई. प्रत्यक्षात तो संध्याकाळचे दोन तास पाणथळीच्या काठी बसत होता आणि मी कामावर जाता जाता दहा मिनिटे वर पाहत होतो. शिवाय त्याच्या पहिल्या काही आकड्यांत भिंगरीसारख्या दिसणाऱ्या पाकोळ्याही मिसळलेल्या निघाल्या. पाकोळी तारेवर कधीच बसत नाही आणि तिचे पंख कोयत्यासारखे वाकलेले असतात, हे त्यालाही ठाऊक होते. पण मावळतीला डोक्यावरून भरभर थवे जाऊ लागले की भल्याभल्यांचा गोंधळ होतो. ते आकडे खोडलेले नाहीत, त्यांच्यापुढे शंकेची खूण केली आहे.

सर्वांत अवघड सवय ठरली ती शून्य लिहिण्याची. वीस मिनिटे पाहूनही एकही भिंगरी दिसली नाही, ही बातमी वाटतच नाही. पण ते शून्य नसेल तर पहिल्या आगमनाच्या तारखेला अर्थ राहत नाही, कारण त्याआधी पक्षी नव्हते की पाहणारा नव्हता, हे कळायला मार्ग नसतो. गेल्या मार्चमध्ये मी ओळीने अकरा शून्ये लिहिली आणि बाराव्या दिवशी चार भिंगऱ्या दिसल्या. वहीतली माझी सगळ्यात भरवशाची तारीख तीच.

आता माझी चूक. भिंगरीच्या नेमाबाहेरचा ‘इतर’ असा एक रकाना आम्ही ठेवला आहे. त्यात मी ऑगस्टअखेरीस ‘सामान्य तुतारी, एक, ओढ्याच्या काठी’ असे बिनधास्त लिहिले. तुतारी म्हणजे पाण्याकाठी फिरणारा छोटा पक्षी. मित्राने अभिनंदन न करता दोन प्रश्न पाठवले : छातीच्या बाजूचा पांढरा रंग पंखाच्या पुढून खांद्यापर्यंत पाचरीसारखा वर गेला होता का, आणि उडाली तेव्हा पाठीमागून काय दिसले? मी केवळ शेपटी सतत वरखाली होताना पाहिली होती, आणि ती तर हिरवी तुतारीही हलवते. मग डोळे मिटून आठवू लागलो. पक्षी पाण्यालगत ताठ पंखांनी फडफडत गेला नव्हता. खणखणीत आवाज करीत एकदम उंच उसळला होता, पंखांवर पांढरी पट्टी नव्हती आणि काळपट पाठीखाली, शेपटीच्या मुळाशी, लख्ख पांढरा ठिपका दिसला होता. म्हणजे ती हिरवी तुतारी होती, आणि मी खुणा पाहूनही नाव सवयीने लिहून मोकळा झालो होतो. शेजारी उभा असलेला सोबती मान डोलावतो आणि पुढे चालू लागतो. ज्याला पक्षी दिसलेलाच नाही, तो विचारतो. तेव्हापासून माझ्या नोंदीत आधी वर्णन येते आणि नाव शेवटी. माझ्या मते दोन वर्षांतली खरी कमाई हीच, नवी दुर्बीण घेऊनही एवढा फरक पडला नव्हता.

घरगुती मजकूर वेगळा ठेवावा, असा माझा सुरुवातीचा आग्रह होता. तो मी आता सोडला आहे. पहिल्या वर्षीच्या आलेखात मित्राच्या सकाळच्या नोंदी हिवाळ्याच्या मध्यापासून झपाट्याने घसरलेल्या दिसतात आणि नुसते आकडे पाहणाऱ्याला तिथे काही अरिष्ट आले असे वाटेल. त्याच आठवड्याचे पत्र वाचले की कळते, त्याला मुलगी झाली होती. पक्षी कमी झाले नव्हते, झोप कमी झाली होती.

मैत्रिणीच्या बाबतीत उलट घडले. या वर्षी मे महिन्यात तिच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि सहा आठवडे ती खिडकीशी खिळून राहिली. खिडकीसमोरच्या छपराखाली माळभिंगऱ्यांची जोडी नुकतीच घर बांधू लागली होती. चिखलाची एकेक गोळी चोचीत आणून थरावर थर लावताना ती चोच कशी थरथरते, एका वाटीसाठी अशा शेकडो खेपा कशा होतात, ओला थर वाळेपर्यंत पुढचे काम कसे थांबते, हे तिने इतके बारकाईने लिहिले आहे, की ती पाने मी स्वतंत्र उतरवून ठेवली. सुमारे दोन आठवडे अंडी उबवणे, त्यानंतर जवळपास तीन आठवडे पिल्लांना भरवणे. भरवण्याच्या दिवसांत ती दर तासाची पहिली पंधरा मिनिटे खेपा मोजी. वीस-बावीस खेपांच्या ओळी सुरू असताना एका दुपारी अचानक तीन खेपा दिसतात आणि पुढे लिहिले आहे : ‘जोराचा पाऊस. किडे हवेत नाहीत. मलाही व्यायाम नको म्हणून सांगितले.’ पिल्लांच्या विष्ठेची पांढरी पिशवी चोचीत धरून दूर नेऊन टाकणाऱ्या पालकांबद्दल तिने जितक्या आदराने लिहिले आहे, तितक्या आदराने तिच्या डॉक्टरांबद्दलही लिहिलेले नाही.

मोठ्या बातम्याही येतात, पण त्यांचे आयुष्य वहीत एक-दोन ओळींचे असते. ऑक्टोबर २०२२ मध्ये अवघ्या पाच महिन्यांच्या एका गॉडविट या स्थलांतरी पाणपक्ष्याने अलास्काहून टास्मानियापर्यंत १३,५६० किलोमीटर अंतर अकरा दिवसांत, कुठेही न उतरता कापले, ती बातमी मित्राने आमची वही सुरू झाल्यावर पुन्हा एकदा पाठवली होती. त्या रविवारी कोणीच भिंगऱ्या मोजल्या नाहीत आणि तिघांच्याही रकान्यांत कारण म्हणून ‘गॉडविट’ लिहिलेले आहे.

तिसऱ्या वर्षासाठी एकच नवे काम घेतले आहे. मित्राकडच्या वेतांच्या बेटात संध्याकाळी भिंगऱ्या मुक्कामाला उतरतात, तिथे महिन्यातून एकदा ठरलेल्या जागी उभे राहून, सूर्यास्ताआधी पाऊण तास आणि नंतर अंधार पडेपर्यंत, पाच-पाच मिनिटांचे गट पाडून मोजायचे. थवा घुसळू लागला की एकेक पक्षी मोजणे अशक्य होते. म्हणून दहांचा गट नजरेत बसवून तो थव्यावर किती वेळा मावतो, ते पाहायचे. त्याची तालीम आम्ही तिघे एकाच छायाचित्रावर स्वतंत्रपणे करीत आहोत. पहिल्या फेरीत माझा अंदाज १४०, मित्राचा २१० आणि मैत्रिणीचा १७५ आला. मग छायाचित्र मोठे करून एकेक ठिपका मोजला, तेव्हा १८८ भरले. मी कमी मोजतो आणि मित्र जास्त, हे आता वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे.

या रविवारच्या नोंदी अशा : उत्तरेला छपराखालचे घरटे रिकामे, तारेवर दोन, दोन्ही आखूड शेपटीच्या; गुडघा आता जिना चढू देतो. दक्षिणेला चाळीस मिनिटांत शून्य. मुलीने दुर्बिणीचे झाकण हरवले. माझ्याकडे पंचवीस मिनिटांत शून्य, तिसऱ्यांदा.