बोर्डाची फाईल पातळ केली त्याची गोष्ट

वडोदऱ्यात मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत मी कंपनी सेक्रेटरी आहे. कंपनी कायदा 2013 प्रमाणे संचालक मंडळाच्या, म्हणजे बोर्डाच्या, वर्षाला किमान 4 बैठका, दोन बैठकींत 120 दिवसांहून जास्त अंतर नाही, 7 दिवस आधी नोटीस, हे सगळं आम्ही पाळत होतो. तरी बैठकीत संचालक फाईल पहिल्यांदाच उघडत. त्यांना दोष तरी काय द्यायचा? फाईल विटेएवढी जाड. एसएस-1 या बैठकांच्या नियमावलीत (सचिवीय मानकात) प्रत्येक विषयाच्या टिपणालाही 7 दिवसांचीच मुदत आहे, पण अकाउंट्सचे आकडे आदल्या संध्याकाळी यायचे आणि "टेबलावर देऊ", म्हणजे थेट बैठकीतच देऊ, म्हणून विषय मिटायचा.

मग मी प्रत्येक विषयाला एक पहिलं पान सक्तीचं केलं. बोर्डाकडून काय हवंय, मंजुरी की नुसती माहिती? खर्च किती? दुसरा पर्याय कोणता, आणि तो का नको? बाकी सगळं जोडपत्रात.

नव्या भट्टीच्या कर्जाचं टिपण आलं तेव्हा 'दुसरा पर्याय'समोर लिहिलं होतं: लागू नाही. मी परत पाठवलं. प्रॉडक्शन मॅनेजर रुसले, पण पुढच्या मसुद्यात जुन्या भट्टीचं अस्तर बदलण्याचा हिशोब होता. बैठकीत सगळा वाद त्या एका ओळीवर झाला. दांडिया बाजारचे आमचे ज्येष्ठ संचालक, ज्यांना सगळे नाना म्हणतात, ते म्हणाले, "अहो, मग कर्ज कशाला काढताय?" बहुमताने कर्ज मंजूर झालं, नाना विरोधात राहिले.

खरी कसोटी इतिवृत्ताची. चेअरमनसाहेबांचं म्हणणं, "घरातली गोष्ट, विरोध कशाला लिहायचा?" मी कलम 118 पुढे ठेवलं: ठरावाला विरोध करणाऱ्याचं नाव इतिवृत्तात यावंच लागतं. मसुदा 15 दिवसांत सगळ्यांना गेला. नानांनी फक्त एक शब्द बदलून मागितला, 'हरकत'ऐवजी 'विरोध'. पुढच्या बैठकीत साहेबांनी सही केली, जरा जोरातच.

आता कागद बहुतेक वेळेवर येतात. टेबलावरचे विषय पूर्ण थांबलेले नाहीत, पण चेअरमन आणि बहुसंख्य संचालकांच्या संमतीशिवाय मी ते घेत नाही. व्हॉट्सअॅपचं मात्र काही जमेना. टेंडरचे दर अजून ग्रुपवर फिरतात, आणि त्या ग्रुपमध्ये साहेबांचा भाचाही आहे.